मुष्कदाण्याचा अर्क आणि घरचे अत्तर : वाद कुठवर आला आहे?

जालन्यात बी विकत घेणारा शेतकरी पैसे मोजण्याआधी पिशवीवरची चिठ्ठी वाचतो. वाण कोणता, लॉट नंबर काय, उगवण किती टक्के, तपासणी कधीची, मुदत कधीपर्यंत. १९६६चा बियाणे कायदा येण्याआधीच, १९६४ साली, बद्रीनारायण बारवाले यांनी या गावात महिको ही कंपनी सुरू केली. पुढे एकामागून एक कंपन्या आल्या आणि जालना बियाण्यांसाठी देशभर ओळखले जाऊ लागले. बारवाल्यांच्या सुरुवातीच्या कामात भेंडीला मोठे स्थान होते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने काढलेला 'पुसा सावनी' हा वाण हळद्या रोगाला, म्हणजे पिवळ्या शिरांच्या विषाणूला, त्या काळी दाद देत नसे. त्याच्या बियाण्यापासून त्यांनी आरंभ केला. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

या भेंडीची एक सख्खी बहीण आहे, कस्तुरी भेंडी. तिच्या बियांना मुष्कदाणा म्हणतात. हा दाणा बियाण्याच्या दुकानात नव्हे, काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. नागरमोथा, वाळा, कचोरा, जटामांसी यांच्या डब्यांशेजारी तो ठेवलेला असतो आणि वजनावर, कागदाच्या पुडीत बांधून मिळतो. दाणा कुठल्या हंगामाचा, कुठल्या भागातला, किती जुना, यातले काहीच पुडीवर लिहिलेले नसते.

घरी उटणे, साबण, अत्तर करणाऱ्यांचा वर्ग गेल्या काही वर्षांत चांगलाच वाढला आहे, आणि त्यांच्यात या दाण्याच्या अर्कावरून ठाम मतभेद आहेत. कोणी म्हणतो हीच खरी, अहिंसक कस्तुरी. कोणी म्हणतो याला वासच येत नाही. कोणाला तो त्वचेसाठी धोक्याचा वाटतो, तर कोणी त्यात शेतकऱ्यासाठी नवे पीक पाहतो. या मतांपैकी कोणते कशावर उभे आहे, हे नीट मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

पूर्वपीठिका

वनस्पतिशास्त्रात कस्तुरी भेंडीचे नाव अबेलमॉस्कस मॉस्कॅटस. फूल पिवळे, मध्यभागी गडद तांबडे, अगदी भाजीच्या भेंडीसारखे. बोंड केसाळ असते आणि वाळले की उकलते. दाणा लहान, करडा-तपकिरी, मूत्रपिंडाच्या आकाराचा. भिंगाखाली धरला तर त्याच्या अंगावर देठाच्या खाचेपासून निघालेल्या बारीक वळणदार रेघा एकीशेजारी एक बसलेल्या दिसतात. तळहातावर घेऊन जोरात चोळला की वास येतो. तो उग्र नसतो, उबदार असतो. थोडा पिकलेल्या नासपतीकडे झुकतो आणि नंतर अंगाच्या वासाच्या जवळ जातो.

आपल्या परंपरेत हा दाणा नवा नाही. सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाशा'च्या कर्पूरादी वर्गात कस्तुरीच्या सोबत लताकस्तुरीची, म्हणजे याच दाण्याची, नोंद आहे. सुगंधी मिश्रणांची विद्या तर त्याहून कितीतरी जुनी. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त गंधयुक्तीचा स्वतंत्र अध्याय आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लासा'त विलेपन आणि सुगंध यांना राजाच्या उपभोगांत जागा दिली. मराठी वाचकाला अधिक जवळची गोष्ट म्हणजे 'गंधवाद'. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातले परशुराम कृष्ण गोडे यांनी १९४०च्या दशकात या ग्रंथाच्या दुर्मीळ हस्तलिखितावर लिहिले. त्यावरची टीका मराठीत आहे. सुगंधी द्रव्यांचा व्यवहार मराठीत लिहून ठेवण्याची गरज कोणाला तरी पूर्वीच वाटली होती, ही गोष्ट आजच्या घरगुती प्रयोग करणाऱ्यांना माहीत असायला हवी असे मला वाटते.

या सर्व ग्रंथांत कस्तुरीचा मान मोठा, आणि ती येते नर कस्तुरीमृगाच्या ग्रंथीतून. आज तो मार्ग बंद आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत कस्तुरीमृग आहे, आणि भारतातल्या कस्तुरीमृगांपासून मिळणाऱ्या मालाचा आंतरराष्ट्रीय व्यापारही निषिद्ध आहे. त्यामुळे 'कस्तुरी' म्हणून बाजारात जे विकले जाते ते एक तर प्रयोगशाळेत बनवलेले असते, किंवा वनस्पतीचे, किंवा बेकायदा.

प्रयोगशाळेने काय शोधले

वादातल्या दोन्ही बाजू ज्या माहितीवर बोलतात ती बहुतेक एका दशकात हाती आली. लिओपोल्ड रुझिच्का यांनी १९२६ साली दाखवले की कस्तुरीतले मस्कोन हे पंधरा कार्बन अणूंच्या कड्याचे रसायन आहे. एवढे मोठे कडे टिकूच शकत नाही असे तोवर रसायनशास्त्रज्ञ मानत होते. रुझिच्का यांना १९३९चे नोबेल मिळाले त्यात या कामाचाही वाटा होता. १९२७ साली माक्स केर्शबाउम यांनी मुष्कदाण्याच्या तेलातून अँब्रेटोलाइड वेगळे केले. तेही मोठ्या कड्याचेच, पण रचना निराळी. हरणाच्या ग्रंथीतला आणि बियांतला वास एकमेकांच्या जवळ का येतो याचे उत्तर इथे मिळाले. हे दोन वास एकच का नाहीत, याचेही.

दाण्याच्या तेलात अँब्रेटोलाइडचे प्रमाण थोडे असते. मोठा हिस्सा फार्नेसिल अ‍ॅसिटेटचा, आणि त्याच्या जोडीला पाल्मिटिकसारखी मेदाम्ले. वाफेने तेल काढले की ते थंडीत लोण्यासारखे घट्ट होते ते या मेदाम्लांमुळे. ती काढून टाकली की अत्तरकाराला हवा तो स्वच्छ अर्क उरतो. उतारा मात्र फार कमी. वजनाच्या सुमारे ०.२ ते ०.६ टक्के, म्हणजे क्विंटलभर दाण्यातून २०० ते ६०० ग्रॅम तेल. खऱ्या मुष्कदाणा तेलाची किंमत एवढी का, आणि स्वस्तात मिळणाऱ्या बाटलीवर संशय का घ्यावा, हे या आकड्यावरूनच कळते.

घरी अर्क काढण्याच्या रीती

घरगुती पातळीवर तीन वाटा आहेत. पहिली ऊर्ध्वपातनाची. कन्नौजचे अत्तरवाले तांब्याच्या डेगेत माल शिजवून वाफ भपक्यात उतरवतात. घरच्या छोट्या यंत्रात हे जमवणारे थोडे, कारण या दाण्यातले वासाचे रेणू जड असतात आणि वाफेबरोबर फार सावकाश येतात. गवती चहाचे तेल ज्या वेळात उतरते त्या वेळात इथे फारसे काही हाती लागत नाही. निराशेच्या बऱ्याच तक्रारी इथूनच येतात.

दुसरी वाट तेलात मुरवण्याची. तीळतेलात किंवा खोबरेल तेलात दाणे आठवडेच्या आठवडे ठेवायचे. ही रीत निर्धोक आणि सोपी, पण वास फिका येतो आणि तेलाचा स्वतःचा वास मध्ये येतो. उटण्याला किंवा केसांच्या तेलाला ती पुरते, अत्तराला नाही.

तिसरी वाट अल्कोहोलात भिजवण्याची, आणि खरा वाद इथे आहे. दाणा कुटायचा की अख्खा टाकायचा? कुटणाऱ्यांचे म्हणणे साधे आहे: पृष्ठभाग वाढला की अर्क लवकर उतरतो. अख्ख्याचे समर्थक सांगतात की वास मुख्यतः बीच्या टरफलात असतो, आतल्या गरात स्थिर तेल असते. दाणा बारीक केला की ते तेलही अल्कोहोलात उतरते, द्रव गढूळ होतो आणि महिन्यांनी खवट वास मारू लागतो. दाण्याच्या रचनेकडे पाहता मला दुसरी बाजू अधिक पटते. टरफल नुसते तडकेल इतकेच खलबत्त्यात ठेचणे हा बहुतेक अनुभवी लोकांनी स्वीकारलेला मध्यममार्ग आहे. मुरलेला अर्क फ्रीझरमध्ये ठेवून खाली बसलेला मेणासारखा थर गाळून टाकावा, यावर सगळ्यांचेच एकमत आहे. ताज्या अर्काला मेदाचा वास असतो आणि काही महिने बंद बाटलीत ठेवल्यावर तो मऊ होतो, हेही व्यापारी अत्तरकार आणि हौशी लोक दोघे सांगतात.

उरतो तो दाण्याच्या वयाचा प्रश्न. एकच कृती वापरून दोन घरांत दोन टोकांचे निकाल येतात आणि दोघेही कृतीला दोष देतात. एकाची पुडी नव्या हंगामाची, दुसऱ्याची उघड्या डब्यात वर्षानुवर्षे पडलेली असू शकते. पुडीवर काही लिहिलेलेच नसेल तर ते कळणार कसे? शेतात पेरायच्या बीबाबत ज्या गावाने असली पुडी कधीच स्वीकारली नसती, तिथल्या लोकांनी सुगंधाच्या बीबाबत ती निमूटपणे घ्यावी याचे मला वाईट वाटते.

वास येतो की येत नाही

'याला वासच नाही' या तक्रारीमागे दाणा जुना असण्याखेरीज आणखी एक कारण असते. कस्तुरीवर्गातले मोठे रेणू काही माणसांना जाणवतच नाहीत. नाक उत्तम असते, गुलाब, कापूर, हिंग सगळे कळते, पण एखादा विशिष्ट कस्तुरीरेणू त्यांच्यापुरता नसल्यासारखा असतो. विज्ञानात ही गोष्ट बऱ्याच काळापासून नोंदलेली आहे, आणि एका कस्तुरीरेणूला न जाणणारे नाक दुसऱ्याला ओळखू शकते. म्हणून एकाच बाटलीबद्दल नवरा-बायकोचे मत टोकाचे असेल तर दोघेही खरे बोलत असतात. ज्यांना अत्तर विकायचे आहे त्यांनी एकट्याच्या नाकावर कधीही भरवसा ठेवू नये.

वास धरून ठेवणे

मुष्कदाण्याबद्दल सर्वांत जास्त सांगितला जाणारा गुण म्हणजे तो उडून जाणाऱ्या वासांना धरून ठेवतो, फिक्सेटिव्हचे काम करतो. परंपरेचा या दाव्याला पाठिंबा आहे, आणि युरोपातल्या जुन्या अत्तरशास्त्राचाही. हरकत घेणारे भौतिकशास्त्राकडे बोट दाखवतात. मिश्रणात एक-दोन टक्के जड पदार्थ घातल्याने हलक्या पदार्थाचे बाष्पीभवन फारसे मंदावत नाही. टिकतो तो जड पदार्थ स्वतः. हलका वास उडून गेल्यावरही त्वचेवर काहीतरी गोड उरते, आणि नाक त्यालाच आधीच्या वासाची शेपटी समजते.

जालन्यात हा दावा पडताळणे कोणालाही जमेल, कारण लागणारी वस्तू घरात आहे. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि तिच्या सालीचे तेल हा झटकन उडणाऱ्या वासाचा उत्तम नमुना. ताजी साल दाबून तुषार दोन कागदी पट्ट्यांवर पाडायचा. एका पट्टीवर आधी मुष्कदाण्याच्या अर्काचा थेंब वाळवून ठेवायचा, दुसरीवर नाही. मग थोड्या थोड्या वेळाने, पट्ट्या कोणत्या हे न सांगता, दुसऱ्याच कोणाला हुंगायला द्यायच्या. मोसंबी स्वतः किती वेळ जाणवते आणि कधी तिच्या जागी नुसता उबदार वास उरतो, हा फरक लक्ष देऊन नोंदवावा लागतो. माझ्या मते हरकत घेणाऱ्यांचे स्पष्टीकरण अधिक बळकट आहे. पण त्याने अत्तराचे काही बिघडत नाही. मोसंबी गेल्यावर मागे जे उरते ते सुंदर असेल तर अत्तर करणाऱ्याचा हेतू साधला.

नैसर्गिक की कृत्रिम

नैसर्गिक बाजूचे म्हणणे असे: दाण्याच्या अर्कात एक रेणू नसतो, मेळ असतो. फळाची, मद्याची, थोडी मातीची छटा एकत्र येते, आणि ती बाटलीबंद एकट्या रेणूत सापडत नाही. शिवाय स्वस्त कृत्रिम कस्तुऱ्यांपैकी काही पाण्यात विघटन न होता साचत राहतात, नद्यांत आणि माशांत सापडल्या आहेत.

दुसऱ्या बाजूचा युक्तिवादही तितकाच सबळ. अँब्रेटोलाइडसारखे रेणू कारखान्यात बनतात आणि तेही मोठ्या कड्यांचेच, म्हणजे पर्यावरणाच्या दृष्टीने जुन्या कृत्रिम कस्तुऱ्यांच्या पंक्तीत बसत नाहीत. दर्जा प्रत्येक वेळी सारखा मिळतो आणि जमीन लागत नाही. यात एक गोष्ट आपल्याकडची आहे. अँब्रेटोलाइडचा एक जवळचा रेणू लाखेतल्या अ‍ॅल्युरिटिक आम्लापासून बनवला जातो. लाख म्हणजे झाडावरच्या किड्याचे देणे. मग त्या बाटलीला नैसर्गिक म्हणायचे की कृत्रिम? दोन बाजूंतली रेघ आपण समजतो तेवढी ठळक नाही.

त्वचा आणि कायदा

धोक्याबद्दलची भीती बरीचशी एका नामसाधर्म्यातून आली. अल्बर्ट बाउर यांनी १८८८ साली स्फोटकांवर काम करताना अपघाताने कस्तुरीसारखा वास असलेला नायट्रो पदार्थ शोधला. त्या कुळातल्या एकाला पुढे मुष्कदाण्याच्या 'अँब्रेट' या इंग्रजी नावावरून 'मस्क अँब्रेट' हे नाव पडले. उन्हात त्वचेवर तीव्र प्रतिक्रिया आणि मज्जासंस्थेवर परिणाम दिसल्याने १९९५ साली युरोपीय संघाने सौंदर्यप्रसाधनांत त्याला बंदी घातली. या पदार्थाचा मुष्कदाण्याशी नावाच्या आणि वासाच्या साधर्म्यापलीकडे काही संबंध नाही, आणि दाण्याचा अर्क त्या बंदीत येत नाही. म्हणजे दाणा सर्वांना निर्धोक आहे असे नव्हे. कोणत्याही सुगंधी अर्काप्रमाणे आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंब लावून दिवसभर पाहावे. मोसंबीच्या सालीचे तेल जुने झाले की हवेने बदलते आणि मग त्वचेला जास्त त्रास देते, म्हणून ते ताजेच वापरावे.

अल्कोहोलाचा प्रश्न अधिक अवघड. शुद्ध इथाइल अल्कोहोल महाराष्ट्रात राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या नियंत्रणाखाली आहे. १९४९चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. हौशी माणूस मग हार्डवेअरच्या दुकानातल्या स्पिरिटकडे वळतो, आणि हे मात्र कधीही करू नये. त्यात मिथेनॉल असू शकते, आणि ते त्वचेतूनही अंगात जाते. घरात स्पिरिट उकळण्याचा प्रयत्न तर आगीला आमंत्रण. अत्तर स्वतःपुरते असेल तोवर पुढचा प्रश्न येत नाही. बचतगटाला ते विकायचे असेल तर १९४०चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२०चे सौंदर्यप्रसाधन नियम लागू होतात, उत्पादनाचा परवाना लागतो. घरगुती उद्योगासाठी ही अट जड आहे असे बचतगटांच्या बाजूने बोलणारे म्हणतात. ग्राहकाच्या बाजूने पाहणाऱ्यांना ती आवश्यक वाटते. तेलात मुरवलेल्या अत्तराने अल्कोहोलाचा अडसर टळतो, परवान्याचा टळत नाही.

जालन्याच्या शेतात

कस्तुरी भेंडीचे पीक घेता येईल का, हा प्रश्न इथे कधी ना कधी निघतोच. अनुकूल बाजू मोठी आहे. भेंडीचे कूळ कसे वाढवायचे हे या भागाला शिकवावे लागत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाने रानटी जातीशी संकर करून काढलेली 'परभणी क्रांती' भेंडी १९८०च्या दशकात याच मराठवाड्यातून आली. जालना आणि शेजारच्या देऊळगाव राजा परिसरात शेडनेटखाली भाजीपाल्याचे संकरित बीजोत्पादन चालते. भेंडीच्या प्लॉटवर काम करणाऱ्या बाया आदल्या संध्याकाळी कळी उघडून पुंकेसर खुडतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फूल उमलले की दुसऱ्या झाडाचे पराग हाताने लावतात. एवढे बारीक काम ज्या हातांना जमते, त्यांना दाणा निवडणे आणि प्रतवारी करणे काही कठीण नाही.

प्रतिकूल बाजूही तितकीच खरी आहे. कस्तुरी भेंडीची बोंडे एकदम पिकत नाहीत. पुन्हा पुन्हा तोडणी करावी लागते, उशीर झाला तर बोंड उकलून दाणा सांडतो. कापसाच्या वेचणीला मजूर मिळवताना दमणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगणे सोपे नाही. फळ पोखरणारी अळी आणि पांढरी माशी दोन्ही भेंड्यांवर येतात, म्हणून बीजोत्पादनाच्या प्लॉटशेजारी हे पीक घेण्याला कंपन्यांचे लोक नाके मुरडतील, आणि त्यांची काळजी रास्त आहे. केंद्राच्या अरोमा मिशनचा भर मुख्यतः गवती चहा, रोशा, वाळा अशा पिकांवर राहिला आहे. त्यातले पहिले दोन पाल्यातून तेल देतात, त्यांची ऊर्ध्वपातन यंत्रे मुष्कदाण्याला चालतील, पण लाकूड आणि वेळ कितीतरी जास्त लागेल. रोशाचे तेल एके काळी खानदेशातून दूरवर जात असे, त्यामुळे सुगंधी पीक ही कल्पना या मुलखाला परकी नाही. पण भाव ठरवणारा ग्राहक दूर असताना घरगुती अत्तरकारांच्या मागणीवर एकरभर पीक उभे राहत नाही, हे मान्य करावे लागते.

मधला मार्ग सुचवणारे म्हणतात, आधी बांधावर किंवा परसात थोडी झाडे लावा, पुडीवर हंगाम आणि गाव लिहा, आणि तो दाणा थेट अत्तर करणाऱ्यांना द्या. मला हा मार्ग पटतो, कारण वरच्या जवळजवळ प्रत्येक वादाला लागणारा पुरावा त्यातून तयार होईल. टरफलातला सुगंध साठवणीत किती महिने टिकतो? काळ्या मातीतल्या आणि मुरमाड जमिनीतल्या दाण्याच्या तेलात फरक पडतो का? कमी पावसाच्या वर्षी, जी वर्षे अंबड-घनसावंगीला वारंवार येतात, अँब्रेटोलाइडचे प्रमाण वाढते की घटते? खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र, बदनापूरचे कृषी संशोधन केंद्र आणि एखादे महाविद्यालय जिथे गॅस क्रोमॅटोग्राफ आहे, एवढ्यांत हे प्रश्न हाताळता येण्यासारखे आहेत. आजच्या घडीला वादाची दोन्ही टोके ज्या दाण्यावर बोलतात तो एकच दाणा आहे की नाही, हेच ठरलेले नाही. तीन वेगवेगळ्या, तारीख लिहिलेल्या लॉटचे दाणे, एकच कृती, एकच अल्कोहोल आणि हुंगणारी दहा-बारा माणसे, इतक्या सामग्रीवर पहिली तुलना उभी राहू शकते.